शोध कुणी कुणाचा लावला?

आधी एक शब्द चव्हाट्यावर आणून उभा करायचाय. शब्द आहे ‘शोध’.

कोलंबसाने अमेरिकेचा शोध लावला. तिथे माणसं राहत होती, मका पिकवत होती, पोरं वाढवत होती. पण त्यांनी स्वतःचा शोध लावला नव्हता ना, म्हणून तो कोलंबसाला लावावा लागला! मग १९७० च्या आसपास मराठीच्या प्राध्यापकांना शोध लागला की गावकुसाबाहेरही माणसं राहतात आणि त्यांना लिहितासुद्धा येतं. आणि १९९२ नंतर अमेरिकेतल्या गोऱ्या रसिकांना शोध लागला, की काळ्या माणसांच्या एका चर्चमध्ये स्टील गिटारवर देवाची गाणी वाजतात, आणि ती पन्नासाहून जास्त वर्षं वाजतायत.

पन्नास वर्षं! दर रविवारी. दारं उघडी टाकून. कर्ण्यातून.

आता कुणी म्हणेल, गड्या, आपल्या अंकात हे चर्च कुठून आणलंस? आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं. आपला आणि हालेलुयाचा संबंध काय? जरा दम धरा. या वाद्याचा आपल्या जयंतीतल्या बेंजोशी संबंध आहे. गेले दोन महिने आपल्या वस्तीत जी भांडणं चाललीत, त्यांच्याशीही आहे. तिथं येतो. पण आधी वाद्य नीट ओळखून घ्या. माहिती नसताना मतं मारायचा मक्ता दुसऱ्यांकडे आहे, तो त्यांच्याकडेच राहू दे.

मी सूतगिरणीत रिंग खात्यात साईडर आहे. पेडल स्टील गिटार मी डोळ्यांनी पाहिलेली नाही, मोबाइलच्या पडद्यावर पाहिली. पण पहिल्यांदा पाहिली तेव्हाच म्हटलं, हे तर यंत्र आहे! गळ्यात अडकवायची गिटार डोक्यातून काढून टाका. हे चार पायांवर उभं असलेलं मेज. वर दहा तारा, कुणाच्या बारा, कुणाच्या तेरा. वादक हातमागावर बसावं तसा त्याच्यापुढे बसतो. डाव्या हातात पोलादाची गुळगुळीत कांब. ती तारेवर दाबायची नसते, नुसती टेकवून सरकवायची. म्हणून सूर पायरी-पायरीने चढत नाही, घसरत जातो, ओढला जातो, आपल्या बायका मयताला हेल काढतात तसा. उजव्या हाताच्या बोटांत नख्या. पायाखाली पावड्या, गुडघ्यांच्या आजूबाजूला दांडे. पाय दाबला किंवा गुडघा ढकलला की मेजाखालच्या सळया ओढल्या जातात आणि एखाद-दुसऱ्या तारेचा ताण बदलतो. तेसुद्धा तार वाजत असताना! बाकीच्या तारा जागच्या जागी उभ्या, आणि मधली एकच वर चढते किंवा खचते. चारचौघांत माणूस ताठ उभा असावा, चेहरा सरळ असावा आणि आतून गलबलून यावं, असं ते ऐकू येतं. वर उजवा पाय आणखी एका पेडलवर, आवाज लहानमोठा करायला. दोन हात, दोन पाय, दोन गुडघे, सगळे एकदम कामाला. साच्यावर उभं राहणाऱ्याला हे लगेच कळेल.

हे वाद्य ना गोऱ्यांचं, ना काळ्यांचं. ते हवाई बेटांवरचं. गिटार तिथे बाहेरून आली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जोसेफ केकुकू नावाच्या तिथल्याच पोराने तारेवर लोखंड सरकवून वाजवायची रीत बसवली असं मानतात. गॅब्रिएल डेव्हियन नावाच्या, हिंदुस्थानात जन्मलेल्या एका माणसाने ती त्याच्याही आधी केली असंही सांगणारे आहेत. असो, त्यावर मिरवणूक काढायचं कारण नाही. ध्यानात ठेवायची गोष्ट दुसरी. १८९३ साली अमेरिकी धंदेवाल्यांनी हवाईची राणी लिलिउओकलानी हिला गादीवरून खाली ओढलं. ती राणी स्वतः गाणी रचणारी होती. १८९८ साली बेटं अमेरिकेने गिळली. आणि मग तिथलं संगीत अमेरिकेत अशी काही फॅशन झालं की विचारू नका! देश बळकावायचा, आणि गाणं दिवाणखान्यात आणून ऐकायचं. ही रीत आपल्याला नवीन आहे का?

१९३० च्या दशकात फिलाडेल्फियात ट्रोमन ईसन नावाच्या काळ्या तरुणाने रेडिओवर हे हवाईयन वादन ऐकलं. एका हवाईयन माणसाकडे जाऊन पैसे भरून तो शिकला. त्याचा धाकटा भाऊ विली. जन्म १९२१ चा, जॉर्जियातला. त्याला कोण शिकवणार? तो भावाकडे बघून शिकला. भावासारखे सगळे सूर एकत्र मिळवून वाजवणं त्याला जमेना, तेव्हा त्याने एकच तार धरली आणि त्या एका तारेवर माणसाचा आवाज काढायला सुरुवात केली. प्रार्थनेला आलेली म्हातारी कशी कण्हते, उपदेशक शब्दाच्या शेवटी कसा ओरडतो, ते त्या तारेतून यायला लागलं. लोक म्हणायचे, हिची गिटार बोलते. एका तारेवर काय होतं हे आपल्याला कुणी सांगायला नको. विलास घोगरेच्या हातात एकतारीच होती.

ईसन मंडळी ज्या चर्चची, त्याचं नाव ‘हाऊस ऑफ गॉड’. पुरं नाव आणखी हातभर लांब आहे, जिवंत देवाची मंडळी, सत्याचा स्तंभ आणि पाया वगैरे. हे चर्च १९०३ साली सुरू केलं मेरी मॅग्डलेना टेट या काळ्या बाईने. टेनेसीत. त्या मुलखात काळ्या माणसाला गोऱ्याच्या बाकावर बसायची सोय नव्हती, आणि बाईला तर कुठल्याच धर्मपीठावर नव्हती, तिथे ही बाई बिशप झाली. १९३० साली ती वारली आणि चर्चच्या तीन शाखा झाल्या. स्टील गिटार रुजली ती कीथ आणि ज्युवेल या दोन शाखांत. ही दोन्ही नावं बाया-बिशपांची आहेत. (आपल्या जयंती मंडळाच्या अध्यक्षपदी आजवर किती बाया बसल्या, हे ज्याचं त्याने मोजावं. एका हाताची बोटं पुरतील, आणि बहुतेक सगळी शिल्लक राहतील.)

त्या चर्चमध्ये गिटारवाला व्यासपीठावर मध्यभागी नसतो, बाजूला बसतो. डोळे उपदेशकावर. उपदेशक बोलतो, गिटार मागून हुंकार भरते. त्याचा आवाज फाटला की फाटलेला सूर गिटार उचलते. मग ढोल धरतो, लय वाढते, माणसं बाक सोडून उभी राहतात, नाचतात, रडतात. कधी थांबायचं ते वादक माणसांकडे बघून ठरवतो. गाणं संपल्यावर ‘वा, काय वाजवलं’ म्हणणारा तिथे कुणी पाहुणा नसतो. सगळे त्यातलेच. हेन्री नेल्सन, लोरेन्झो हॅरिसन, डेट्रॉइटचे टेड बिअर्ड आणि कॅल्व्हिन कुक, रॉचेस्टरचा चक कॅम्पबेल... बापाकडून, मामाकडून, शेजारच्याकडून, कानाने शिकत गेलेली ही पोरं. पेडलवाली गिटार आली तशी तीही त्यांनी उचलली. कुक मोटारीच्या कारखान्यात नोकरीला होता. दिवसा साखळीवर काम, रविवारी स्टील.

आता खरी गंमत ऐका. कीथ शाखेचं मुख्यालय कुठे? नॅशव्हिलला. दरवर्षी त्यांची मोठी सभा तिथे भरते आणि देशभरचे स्टीलवाले तिथे एकमेकांना ऐकतात. आणि नॅशव्हिल म्हणजे गोऱ्यांच्या ‘कंट्री’ संगीताची राजधानी! १९५४ सालच्या वेब पियर्सच्या एका गाण्यात बड आयझॅक्सने पेडल दाबून तार चढवली, त्यानंतर पेडल स्टीलशिवाय कंट्रीचं गाणं म्हणजे गाणंच नव्हे, असं झालं. एकाच गावात, एकच वाद्य. एका बाजूला रेडिओ, तबकड्या, चकचकीत बूट. दुसऱ्या बाजूला चर्चमधली काळी माणसं. मधे रस्ता. आणि पन्नास वर्षं त्या रस्त्याने आवाज ओलांडला नाही म्हणतात! आवाज तर भिंतीतून जातो, बाबांनो. ऐकणाऱ्याच्या कानाला जात असते.

याच गावात डीफोर्ड बेली नावाचा काळा माणूस माउथऑर्गन वाजवायचा. ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओवरच्या गाजलेल्या कार्यक्रमाच्या पहिल्या काही ताऱ्यांतला तो एक. १९४१ साली त्याला काढून टाकला. पुढे तो त्याच गावात बुटांना पॉलिश करण्याच्या दुकानावर जगला. म्हणजे माहीत नव्हतं हे खोटं आहे. माहीत होतं. नको होतं.

१९९२ साली फ्लोरिडातल्या रॉबर्ट स्टोन या लोकसंगीताच्या अभ्यासकाला या वादकांची खबर लागली, तीही एका वाद्यांच्या दुकानातून. दुकानदाराला माहीत होतं! गिऱ्हाईक कुठल्या रंगाचं आणि काय विकत नेतं, हे गल्ल्यावरच्या माणसाला नेहमीच माहीत असतं. स्टोन माणूस प्रामाणिक. चर्चमध्ये जाऊन बसला, वर्षानुवर्षं ऐकत राहिला, नावं नीट नोंदवली, पुढे २०१० साली पुस्तक लिहिलं. त्याच्याशी माझा वाद नाही. १९९७ साली आरहूली कंपनीने सीडी काढली आणि ‘सेक्रेड स्टील’ हे नाव जगभर रुळलं. चर्चमधली माणसं नुसतं ‘स्टील’ म्हणायची. माझा वाद त्यानंतरच्या टोळीशी आहे. जी म्हणते, अहाहा, केवढा खजिना दडून राहिला होता!

दडून? कुणी दडवला? तुम्ही रस्त्याच्या त्या अंगाला जाणार नाही असा कायदा केलात, बाक वेगळे, नळ वेगळे, शाळा वेगळ्या, आणि वर दडून राहिल्याचा आळ आमच्यावर?

‘शोध’ हा शब्द चोरीचा माल पचवायला वापरतात. ज्याने शोधलं त्याचं नाव आधी, ज्याने केलं त्याचं मागून. आणि केलेल्याने मग आयुष्यभर शोधणाऱ्याचे आभार मानत राहायचे.

आता तो हालेलुयाचा मुद्दा. आपल्यातले काही कॉम्रेड म्हणतात, धर्म म्हणजे अफू, चर्चचं संगीत म्हणजे अफूला लावलेला गूळ. मी त्यांना विचारतो, १५ सप्टेंबर १९६३ ला बर्मिंगहॅममध्ये गोऱ्या दहशतवाद्यांनी बॉम्ब कुठे ठेवला? सिक्स्टिंथ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये. चार काळ्या पोरी मेल्या. ते चर्च निराळ्या पंथाचं, तिथे स्टील नव्हती, पण मुद्दा तोच. चर्चमधून नुसती अफू वाटली जात असती तर गोऱ्यांनी तिथे हार घालून पैसे दिले असते. शत्रूला कळतं कुठे माणसं एकत्र येतात. आपल्याला कळायला वाचनमंडळ भरवावं लागतं.

देव मी मानत नाही. मेल्यावर मिळणाऱ्या सुखाच्या गाण्यावर माझा विश्वास नाही, आणि जे उपदेशक पोटाच्या प्रश्नाला स्वर्गाची तारीख देतात त्यांच्यावर तर मुळीच नाही. पण मी त्या सभेत दुसरं काही बघतो. इमारत त्यांची. वर्गणी त्यांची. वाद्य त्यांनी विकत घेतलेलं. शिकवणारे त्यांचे, आणि चांगलं-वाईट ठरवणारेही त्यांचेच. पन्नास वर्षं मालकाच्या टाळीवाचून एक कला इतकी वाढली की शेवटी मालकालाच रस्ता ओलांडून यावं लागलं. बाबासाहेबांनी १९४६ साली डू बॉइस यांना पत्र लिहिलं, १९७२ साली आपल्या पोरांनी काळ्या पँथरचं नाव घेतलं, ते काही देव मिळता-जुळता होता म्हणून नव्हे.

आणि आणखी एक. तिकडे गुलामांच्या हातातून ढोल काढून घेतला होता. दक्षिण कॅरोलिनात १७३९ साली गुलामांनी बंड केलं, ढोल वाजवत निघाले, आणि १७४० च्या कायद्याने त्यांना ढोल बंद झाला. इकडे काय झालं? इकडे आपल्या गळ्यात हलगी अडकवली! पाटलाच्या घरचं लग्न, वाजव. जत्रेला रेडा कापायचा, वाजव. गावात दवंडी द्यायची, वाजव. आणि वाजवून झालं की लांब जाऊन बस. तिथे वाजवलं तर फटके, इथे नाही वाजवलं तर फटके. कुणाच्या हातात काय वाजावं हे दोन्हीकडे मालकानेच ठरवलं. बाबासाहेबांचं ऐकून आपल्या आज्या-पणज्यांनी गावकीची कामं सोडली आणि हलगी खुंटीला टांगली, ती त्यांना ताल आवडत नव्हता म्हणून नाही.

मला वाटतं स्टील गिटार त्या चर्चला म्हणूनच मानवली. तिच्यावर गुलामीचा वळ नव्हता. कुण्या गोऱ्या मालकाने ती त्यांच्या आज्याला वाजवायला लावली नव्हती. लांबच्या बेटावरून आलेलं, स्वतःच बेघर झालेलं वाद्य. त्यात त्यांनी आपला आवाज भरला.

आणि आपण? आपण बेंजो घेतला. शहरातल्या विद्वानांनो, बेंजो म्हणजे अमेरिकेतला गोल चामड्याचा बँजो नव्हे. आमचा बेंजो म्हणजे बुलबुल तरंग. लाकडी पेटी, तारा, आणि वर टाइपरायटरसारखी बटणं. तो आला जपानकडून. नागोया शहरात १९१२ च्या सुमारास तायशोगोतो नावाचं वाद्य तयार झालं, त्याचा हा वंश. आपल्या माणसांनी त्याला विजेची जोड दिली, कर्ण्याला लावला, आणि चौदा एप्रिलच्या रात्री तो जो किंचाळतो, तो किंचाळतो! भीमगीतांच्या कव्वालीत पेटी, ढोलक आणि बेंजो, हे आपलं सैन्य. वामनदादा कर्डकांच्या गाण्यांनी वस्त्या जाग्या ठेवल्या, त्या वस्त्यांत ही गाणी कॉलेजात शिकून कुणी वाजवली नाहीत.

पण बेंजोला प्रतिष्ठा आहे का? नाही. तो टपोरी. तो ‘गोंगाट’. हवाईयन गिटारचं बघा. ती मुंबईच्या सिनेमात आली, व्हॅन शिप्लेने वाजवली. मग ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर राग वाजवले. मग विश्वमोहन भट्टांनी तिच्यात आणखी तारा घातल्या आणि नाव ठेवलं मोहन वीणा. १९९४ साली ग्रॅमी मिळालं. वादक थोर आहेत, त्यात शंका नाही. पण गिटारची मुंज लागून ती ‘वीणा’ झाली तेव्हा दरबारात जागा मिळाली, हेही बघून ठेवा. बेंजोची मुंज कोण लावणार? आणि आपण का लावून घ्यायची? २०१६ साली ‘बँजो’ नावाचा हिंदी सिनेमा आला होता. त्यात मुंबईच्या झोपडपट्टीतला बेंजोवाला आहे, आणि त्याला शोधायला बाई येते ती थेट न्यूयॉर्कहून! बघा, सिनेमावाल्यांनासुद्धा शोध लावणारा बाहेरूनच आणावा लागतो.

आता वस्तीतल्या भांडणाकडे येतो. आपल्या गायन पार्टीला एका मोठ्या शहरातल्या सांस्कृतिक महोत्सवाचं बोलावणं आलंय. नाव छापत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. पैसे बरे आहेत. अटी तीन. बेंजो आणू नका, ते ‘अस्सल लोकवाद्य’ नाही, त्याऐवजी हलगी आणा. पॅन्ट-शर्ट नको, धोतर-मुंडासं घाला. आणि बाबासाहेबांवरचं गाणं एकच, तेही शेवटी, वेळ उरला तर. वर फोनवर म्हणाले, तुमच्यासारखे कलाकार शोधून काढायला आम्हाला फार फिरावं लागतं हो.

पुन्हा तोच शब्द!

अस्सल म्हणजे काय? आम्ही जे टाकलं ते अस्सल, आणि आम्ही जे घेतलं ते नकली? खुंटीवरची हलगी पुन्हा गळ्यात अडकवा, म्हणजे आम्ही तुम्हाला ओळखू? आज आपली पोरं हलगी हौसेने शिकतात, मोर्च्यात वाजवतात, ठरवून पैसे घेतात. वाजवा की! मला अंगात येतं हलगी ऐकून. पण मोर्च्यातली हलगी आपण उचललेली आहे. महोत्सवातली हलगी आपल्याला नेमून दिलेली आहे. काठी तीच असेल, चामडं तेच असेल.

वस्तीत दोन तट पडलेत. एक म्हणतो, जायचंच नाही, बहिष्कार. दुसरा म्हणतो, चार पैसे मिळतायत, घाला धोतर, एका रात्रीने काय बिघडतंय. मला दोन्ही पटत नाहीत. आणि इथे त्या चर्चचीही दुसरी बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर मी नुसती आरती ओवाळतोय असं व्हायचं.

न्यू जर्सीचा रॉबर्ट रँडॉल्फ. त्याच चर्चमध्ये वाढलेला. दिवसा वकिलाच्या कचेरीत नोकरी, तेरा तारांची स्टील. २००० साली फ्लोरिडात स्टीलवाल्यांचा पहिला मेळावा भरला, तिथे लोकांनी त्याला ऐकलं आणि पुढे तो न्यूयॉर्कच्या क्लबांत वाजवायला लागला. चर्चमधली वडीलधारी मंडळी नाराज. देवाचं वाद्य दारूच्या गुत्त्यात नेतोस? २००३ साली रोलिंग स्टोन मासिकाने शंभर मोठ्या गिटारवाल्यांची यादी छापली, त्यात रँडॉल्फचं नाव आलं. विली ईसनचं नव्हतं. तो म्हातारा तेव्हा जिवंत होता, २००५ साली गेला. मासिकाला तो सापडला नाही. आणि चर्चच्या वडिलांचं म्हणावं तर बाहेर जाणं काय रँडॉल्फने सुरू केलं? ईसन १९४० च्या दशकात रस्त्याच्या कोपऱ्यावर गिटार लावून बसायचा, जाणारे-येणारे थांबायचे, त्याच्या तबकड्याही निघाल्या. वाद्य चर्चबाहेर पहिल्यापासून होतं.

कलावंताला आपल्या दाराशी साखळीने बांधून ठेवणारे वडील मला मान्य नाहीत. ते तिकडेही आहेत आणि इकडेही. आपले पुढारी बघा. चौदा एप्रिल आणि सहा डिसेंबरला पार्टी हवी, फुकट हवी, ‘समाजाचं काम आहे’. रात्रभर गाऊन घ्यायचं, सकाळी वडापाव. मध्येच माइक काढून घेऊन भाषण ठोकायचं. आमच्या पार्टीत गाणाऱ्या मावशीचं नाव पोस्टरवर शेवटून दुसरं, मंडपवाल्याच्या वर, एवढाच मान. आणि तिने पैसे घेऊन कुठे गायलं की हेच पुढारी म्हणणार, विकली गेली! पोट आहे तिला. चक कॅम्पबेलला २००४ साली त्यांच्या देशाची राष्ट्रीय वारसा फेलोशिप मिळाली, तो काही चर्च मोडायला गेला नव्हता.

तर माझं म्हणणं सरळ आहे. जायचं. पण सगळं घेऊन जायचं. रँडॉल्फ क्लबात गेला तेव्हा स्टील घरी ठेवून बँजो घेऊन नाही गेला. जे चर्चमध्ये वाजवत होता तेच वाजवलं, ऐकणारे बदलले. आपणही बेंजो घेऊन जाऊ, जे कपडे रोज घालतो ते घालून जाऊ, आणि पहिलं गाणं भीमाचं. हे नको असेल तर त्यांनी दुसरी पार्टी ‘शोधावी’.

महोत्सवाला पाठवायच्या पत्राचा मसुदा मी केलाय. असा आहे: ‘आम्ही आठ जण येऊ. सोबत पेटी, ढोलक, बेंजो. आमच्या वस्तीत दर वर्षी तीन रात्री गातो, तोच कार्यक्रम करू. पोषाख आमचा. गाण्यांचा क्रम मावशी ठरवतील. मानधन निम्मं आधी. फलकावर आमच्या पार्टीचं नाव जसं आहे तसं, पूर्ण लिहावं. लोककलेच्या सदरात घालू नये. जय भीम.’

शनिवारी दुसरी पाळी सुटल्यावर विहारात बसायचंय. ज्यांना मसुदा पटत नाही त्यांनी पानपट्टीवर बोलू नये, तिथे यावं. बेंजोवाला बेंजो घेऊन येणार आहे. मी मोबाइल आणि एक बरा कर्णा आणतो. आधी अर्धा तास ईसनची ती एकच तार ऐकू, मग भांडू.